कपाळापर्यंत पोहोचणारा पाय

चित्रपटातला नायक प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर लाथ मारतो, तेव्हा कॅमेऱ्याचा खालचा कोन, तारा आणि संकलन यांची मदत असते. पण खरोखर तेवढा उंच पाय नेणारी माणसे आहेत, आणि ही विद्या जुनी आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर सरफोजी राजांनी 1803 मध्ये कोरवलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आपल्याला ठाऊक असतो. त्याच मंदिराच्या विमानात, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखरात, वरच्या मजल्यावर, नाट्यशास्त्रातल्या 108 करणांपैकी, म्हणजे हातापायांच्या नृत्यहालचालींपैकी, 81 करणे कोरलेली आहेत. मंदिर 1010 च्या सुमारास राजराज चोळाने पूर्ण केले. करणांपैकी ‘ललाटतिलक’ या करणात पाय थेट कपाळाशी येतो. नाट्यशास्त्र ‘चारी’ नावाच्या पायांच्या हालचाली रंगमंचावरील युद्धासाठीही सांगते.

असा पाय उचलायला दोन गोष्टी लागतात. मांडीच्या मागचे व आतले स्नायू ताणले गेले पाहिजेत आणि खुब्यापुढच्या स्नायूंत पाय वर धरण्याची ताकद हवी. नुसती लवचीकता असेल तर जमिनीवर पाय फाकतील, पण हवेत टिकणार नाहीत. आडव्या लाथेत टेकलेले पाऊल वळवून कंबर फिरवावी लागते. नाहीतर खुब्यात हाडाला हाड अडते आणि गुडघ्यावर पीळ पडतो.

म्हणून आधी अंग गरम करा, पाय हलके झुलवा, लांब ताण सरावानंतर द्या. दुसऱ्याला दाबायला लावून पाय फाकवू नका. खुब्याची ठेवण प्रत्येकाची वेगळी असते, त्यामुळे उंचीपेक्षा तोल आणि ताबा साधणे महत्त्वाचे.