'के' गप्प का बसतो?

मी पाचवीत गेलो तेव्हा आमच्या नेवासे तालुक्यातल्या शाळेत इंग्रजीचं पुस्तक पहिल्यांदा हाती आलं. त्या काळी इंग्रजी पाचवीपासूनच सुरू व्हायची. गुरुजींनी फळ्यावर के, एन, आय, एफ, ई अशी पाच अक्षरं लिहिली आणि म्हणाले, "नाइफ. नाइफ म्हणजे सुरी." मी उभा राहून विचारलं, "गुरुजी, यातला 'के' कुठं गेला?" "तो गप्प बसतो, तूही बस," गुरुजी म्हणाले. सारा वर्ग हसला. दहावी होईपर्यंत इंग्रजीच्या तासाला मी पुन्हा तोंड उघडलं नाही.

गुण मात्र चांगले पडत गेले. निबंध पाठ, पत्रं पाठ, कवितेखालची उत्तरंही पाठ. पुढं नगरला कॉलेजात आलो आणि सरांकडे दोन दिवसांची रजा मागायची वेळ आली, तेव्हा घाम फुटला. दाराशी घोटाळून तसाच परत फिरलो. खेड्यातून आलेल्या कुणालाही विचारा, असा एखादा दरवाजा त्याला आठवेल.

इंग्रजी आपल्याला इतकी अवघड का जावी? तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडच्या कितीतरी पिढ्या वाढल्या. त्यातून वाचणारे आणि भाषांतर करणारे उत्तम तयार झाले, जीभ मात्र वळली नाही. आपल्याला भूक 'लागते', इंग्रज भुकेला 'असतो'. ए, अॅन, द यांना मराठीत जागाच नाही. ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिताना सांभाळतो, बोलताना फारसे पाळत नाही. म्हणून 'शिप' आणि 'शीप', म्हणजे जहाज आणि मेंढी, आपल्या पोरांच्या कानाला एकच. हे फरक ऐकूनच कळायचे. पण ऐकायचे कुठं? तासाची घंटा झाली की इंग्रजी संपली.

२००० साली राज्यानं पहिलीपासून इंग्रजी आणली. बेत चांगलाच होता. पण शिकवणार कोण, तर आमच्यासारखेच पाचवीत गप्प बसवलेले! शिवाय पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोडणी कामगारांची कितीतरी मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर फडावर जातात. हंगाम संपवून परततात तेव्हा शिकलेलं बरंचसं पुसलेलं असतं.

गंमत अशी की परकी भाषा शिकण्याची उत्तम उदाहरणं याच नगरात, आताच्या अहिल्यानगरात, घडली आहेत. १८२७ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन सिंथिया फॅरार १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत इथं मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. मुलींशी, त्यांच्या आयांशी बोलायचं तर मराठीवाचून गत्यंतर नव्हतं. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते याच फॅरारबाईंकडे. पुढं १८५४ च्या 'काव्यफुले'त सावित्रीबाईंनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. त्यांच्या लेखी ती सुटकेची वाट होती.

आज शेतात खुरपायला जाणारी बाई पोटाला चिमटा घेऊन पोराला पिवळ्या गाडीनं इंग्रजी माध्यमाच्या शाळेत धाडते, तेव्हा तिच्याही मनात तेच असतं. तिला नावं ठेवायचा अधिकार आपल्याला नाही. पण घरात इंग्रजीचा शब्द नाही आणि शाळेत नुसती घोकंपट्टी, अशा कात्रीत ते पोर सापडतं. त्याला 'पंचवीस' म्हटलेलं कळत नाही आणि 'ट्वेंटी-फाइव्ह' नुसतं म्हणता येतं.

मध्यंतरी आमच्याच भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गेलो होतो. घोडेगावचा कांदाबाजार जवळ, म्हणून बाईंनी वर्गातच बाजार मांडला होता. "हाऊ मच?" "टेन रुपीज." "टू मच!" अशी घासाघीस रंगली होती. कुणी चुकलं तरी बाई दुरुस्त करायला धावत नव्हत्या. बाजारात पुठ्ठ्याची सुरीही होती, वर इंग्रजीत नाव लिहिलेलं. एका मुलीनं विचारलं, "बाई, यातला 'के' का नाही म्हणायचा?"

मी कान टवकारले.

"पूर्वी इंग्रज तो म्हणायचे," बाई म्हणाल्या. "पुढं बोलण्यातून गेला, लिहिण्यात राहिला. आपण नाही का, षटकोनातला 'ष' लिहितो आणि 'श' म्हणतो?"

मुलीनं दोनदा 'षटकोन' म्हणून पाहिलं, मान डोलावली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.