कंपनीचा पैसा नेमका कुठे आहे?

आपल्या जळगाव जामोद भागातल्या कापूस, सोयाबीन, तूर पिकवणाऱ्या घरांतल्या बाया आता बचत गटापुरत्या थांबत नाहीत. काही जणींनी उत्पादक कंपनीचे शेअरही घेतले आहेत. मग आमसभेत कोणी तरी विचारतंच, "ताळेबंदात बारा लाख दिसतात, तरी तुरीचे चुकारे का अडले?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर आज समजून घेऊ.

सुरुवात आपल्या गटापासून करू. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र म्हणजे नियमित लेखे. महिनाअखेर आपण काय पाहतो? पेटीत रोख किती, पासबुकात किती, मुदत ठेव किती आणि सभासदांकडे कर्ज किती. पैसा सगळा गटाचाच असतो. पण एखाद्या ताईला रात्री दवाखान्यात न्यायचं असेल, तर पेटीतलेच कामी येतात. कंपनीचंही तसंच असतं, फक्त तिथे कोणता पैसा कुठल्या रकान्यात लिहायचा याचे नियम ठरलेले आहेत.

पहिला रकाना 'रोख आणि रोखसमान'. यात हातातली रोकड, बँकेतल्या चालू खात्याची शिल्लक आणि ठेवल्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत मिळणारी मुदत ठेव येते. त्याहून लांब, पण वर्षभरात मोकळी होणारी ठेव 'बँकेतील इतर शिल्लक' म्हणून वेगळी दाखवतात. ताळेबंदाच्या तारखेनंतर 12 महिन्यांनीही सुटणार नसेल, तर ती दीर्घ मुदतीच्या मालमत्तेत जाते. पावती त्याच बँकेची, पण मुदतीप्रमाणे तिची जागा बदलते.

आता ते बारा लाख मांडून पाहू. समजा, 31 मार्चला रोकड 20 हजार, चालू खात्यात 1 लाख 80 हजार, दोन महिन्यांची ठेव 1 लाख, एक वर्षाची 4 लाख आणि तीन वर्षांची 5 लाख. बेरीज 12 लाख. पण रोख आणि रोखसमान फक्त 3 लाख. त्यातही ठेवीचे एक लाख मुदत संपल्यावर मिळणार. म्हणजे उद्या सकाळी चुकारे करायला दोनच लाख. बाकीच्यासाठी ठेव मोडायची आणि व्याजावर पाणी सोडायचं.

आणखी एक गोष्ट बघा. ठेवीची पावती बँकेकडे तारण ठेवून कर्ज काढलेलं असेल, तर ती ठेव कंपनीची असूनही कंपनीला हात लावता येत नाही. म्हणून अशी ठेव वेगळी दाखवावी लागते. ताळेबंदाच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरात टिपा असतात, तिथे हे सापडतं.

दुसरा रकाना गुंतवणुकीचा. थोड्या दिवसांसाठी घेतलेले म्युच्युअल फंडाचे युनिट समजा 1 लाखाला घेतले. 31 मार्चला त्यांची किंमत 90 हजार झाली, तर वहीत 90 हजार लिहायचे आणि 10 हजारांचा तोटा धरायचा. किंमत 1 लाख 10 हजार झाली तर? तरी 1 लाखच लिहायचे. विकल्याशिवाय नफा मोजायचा नाही. दीर्घ मुदतीची गुंतवणूक खरेदीच्या किमतीलाच राहते, पण किंमत कायमची पडली असेल तर तिथेही घट दाखवावी लागते. शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांचे नियम वेगळे आहेत, तिथे बरीच गुंतवणूक बाजारभावाने मांडतात.

पैसा कुठे ठेवला, हेही तितकंच महत्त्वाचं. 23 सप्टेंबर 2019 ला रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले. सुरुवातीला एका खात्यातून फक्त 1,000 रुपये काढता येत होते. पासबुकात रक्कम होती, हातात येत नव्हती. फेब्रुवारी 2020 पासून बँकेतल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, व्याजासह 5 लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. एकाच ठिकाणी सगळं ठेवण्याआधी संचालकांनी याचा विचार केला की नाही, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

2002 च्या दुरुस्तीने उत्पादक कंपनी कायद्यात आली. आमसभेची नोटीस किमान 14 दिवस आधी आणि तिच्यासोबत लेखापरीक्षण झालेला ताळेबंद द्यावा, असं कायदा सांगतो. तो घडी घालून ठेवू नका. गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचा आणि पाच प्रश्न लिहून न्या. आज हातात येईल असा पैसा किती? कोणती ठेव कधी सुटणार? कोणती तारण आहे? गुंतवणुकीची किंमत घटली का? आणि तुरीच्या हंगामाआधी किती पैसा मोकळा होईल?

गटाची वही वाचता येणाऱ्या बाईला कंपनीचा ताळेबंदही वाचता येतो. रकाने थोडे जास्त असतात, इतकंच.