जुळ्यांच्या जत्रेत पगाराची चौकशी

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्विन्सबर्ग नावाचं गाव आहे. मोझेस आणि ॲरन विल्कॉक्स या जुळ्या भावांवरून त्याला हे नाव पडलं. दर ऑगस्टमध्ये तिथं जुळ्यांची जत्रा भरते. 1991 च्या जत्रेत काही मंडळी प्रश्नावल्या घेऊन हिंडत होती. तुम्ही किती शिकलात, तासाला किती कमावता, हे त्यांना हवं होतं. ही चौकशी प्रिन्स्टन विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली ॲशेनफेल्टर आणि ॲलन क्रूगर यांची.

शिकलेल्याला जास्त पगार मिळतो, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ कशाला हवा? अमेरिकी सरकारचीच 2023 ची आकडेवारी घ्या. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या पदवीधराचा आठवड्याचा मध्यक पगार 1,493 डॉलर, तर शालान्त शिक्षणावर थांबलेल्याचा 899. बेरोजगारीचं प्रमाण पदवीधरांत 2.2 टक्के, शालान्तवाल्यांत 3.9.

पण हा फरक शिक्षणाने पडला कशावरून? मुळात हुशार, खात्यापित्या घरातली मुलंच जास्त शिकत असतील, तर ती न शिकताही चार पैसे जास्त कमावतीलच. इथेच जुळी कामी येतात. एकसारख्या जुळ्यांचं घर एक, जनुकंही तीच. त्यातला एक जास्त शिकला आणि दुसरा कमी, तर दोघांच्या पगारातली तफावत बरंच काही सांगते. शिक्षणाबद्दल माणसं चुकीचंही सांगतात, म्हणून प्रत्येकाला भावंडाचं शिक्षणही विचारलं. ही युक्ती फारच बेरकी. शिक्षणाच्या एका वर्षामागे पगार 12 ते 16 टक्क्यांनी वाढतो, असा हिशेब निघाला. पुढे जास्त जुळी तपासल्यावर तो आकडा 9 टक्क्यांच्या आसपास उतरला.

क्रूगर यांनी जोशुआ अँग्रिस्ट यांच्यासोबत 1991 मध्येच आणखी एक वाट शोधली: जन्माचा महिना. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं शाळेत दाखल होताना वयाने थोडी मोठी असतात. त्यामुळे ठरावीक वयाला मिळणारी शाळा सोडण्याची कायदेशीर मुभा त्यांना कमी शिकून मिळते. अशा मुलांचं शिक्षण किंचित कमी आणि पुढे कमाईही किंचित कमी भरली. या पद्धतीवर नंतर कडक टीका झाली, कारण महिन्यामुळे पडणारा फरक फारच बारीक होता. तरी अशा ‘नैसर्गिक प्रयोगां’नी अर्थशास्त्राचा रोख बदलला. अँग्रिस्ट 2021 च्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

म्हणजे शिक्षणाचा फायदा खरा. पण तो डोक्यात साठलेल्या ज्ञानाचा की हातातल्या कागदाचा? मायकेल स्पेन्स यांनी 1973 मध्येच मांडलं होतं, की पदवी ही मालकाला दिलेली खूणही असते: हा माणूस कामाचा आहे. त्या सरकारी तक्त्यातली एक ओळ या शंकेला बळ देते. कॉलेजात गेले पण पदवी न घेताच बाहेर पडले, अशांचा मध्यक पगार 992 डॉलर होता. कॉलेजचं तोंडही न पाहिलेल्यांपेक्षा आठवड्याला जेमतेम 93 डॉलर जास्त.