सहा पाकिटांचं घर

2019 मध्ये चीनच्या मध्यवर्ती बँकेने शहरांतल्या तीस हजारांहून अधिक कुटुंबांची मालमत्ता मोजली. 96 टक्के कुटुंबांकडे स्वतःचं घर निघालं. शंभरातल्या एकेचाळीस कुटुंबांकडे तर दोन किंवा अधिक! सत्ता कम्युनिस्ट पक्षाची, शहरातली इंचभर जमीनही खासगी मालकीची होऊ शकत नाही, आणि तिथे हा आकडा. घर घेणाऱ्याला खालच्या जमिनीचा फक्त 70 वर्षांचा वापरहक्क मिळतो. मुदत संपली की तो आपोआप वाढेल, असं कायदा म्हणतो. किती पैसे भरून, ते मात्र पुढच्या कायद्यावर सोपवून मोकळा होतो.

शांघायमधलं एखादं सुखवस्तू कुटुंब डोळ्यांसमोर आणा. नवरा-बायको दोघंही कमावते, चाळिशी ओलांडलेले, एकच मूल. त्यांच्या संपत्तीची सुरुवात बहुधा त्यांच्या आईवडिलांपासून होते. 1998 पर्यंत शहरात घर मिळायचं ते कारखान्याकडून किंवा कार्यालयाकडून, नाममात्र भाड्याने. मग सरकारने ही वाटपाची पद्धत बंद केली आणि राहत्या लोकांना ती घरं स्वस्तात विकली. एका पिढीच्या हाती जवळजवळ फुकटात भांडवल आलं आणि पुढची वीस वर्षं त्याची किंमत चढतच राहिली.

तरी सगळा पैसा घरांतच का? कारण बाकीची दारं अरुंद होती. बँकेतलं व्याज सरकारने वर्षानुवर्षं मुद्दाम कमी ठेवलेलं. शेअर बाजारात (तिथे भाव चढला की आकडे लाल होतात, पडला की हिरवे) जून 2015 मध्ये शांघायचा निर्देशांक 5,178 पर्यंत गेला आणि ऑगस्ट संपण्याआधीच 3,000 च्या खाली आपटला. आणि देशाबाहेर? माणशी वर्षाला 50,000 डॉलरच नेता येतात. आपल्याकडे हीच मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. शिवाय त्या पन्नास हजारांतून परदेशात घर किंवा शेअर घ्यायला मनाई.

त्यामुळे मुलाचं घर हा अख्ख्या खानदानाचा प्रकल्प होतो. अर्थतज्ज्ञ फान गांग यांच्या बोलण्यातून ‘सहा पाकिटं’ हा शब्दप्रयोग 2018 च्या सुमारास गाजला. मुलाचे आईवडील, त्याचे दोन्हीकडचे आजी-आजोबा, आणि सुनेकडची तशीच तीन जोडपी: सहा जोडप्यांची बचत एका जोडप्याच्या पहिल्या हप्त्यासाठी. चांगल्या शाळेच्या हद्दीतलं घर असेल तर जुनाट, अंधारी खोलीही नव्या प्रशस्त फ्लॅटपेक्षा महाग, कारण सरकारी शाळेतला प्रवेश पत्त्यावर ठरतो.

भाव आवरायला मोठ्या शहरांनी कुटुंबामागे घरांची संख्या बांधून दिली. त्यावरचा तोडगा ऐकून मी तर थक्कच झालो. जोडपी घटस्फोट घेऊ लागली! घरं सगळी एकाच्या नावावर करायची, दुसरा कागदोपत्री बेघर. त्याने कमी पहिला हप्ता भरून नवं घर घ्यायचं आणि मग दोघांनी पुन्हा लग्न करायचं. 2016 च्या ऑगस्टमध्ये नियम आणखी कडक होणार अशी अफवा पसरली आणि शांघायच्या घटस्फोट नोंदणी कार्यालयांपुढे रांगा लागल्या. अखेर जानेवारी 2021 मध्ये शहराने फर्मान काढलं: घटस्फोटाला तीन वर्षं झाली नसतील, तर घरं आधीच्या कुटुंबाचीच मोजली जातील. सरकार आणि संसार यांच्यात इतकी चुरस दुसरीकडे कुठे रंगली असेल असं वाटत नाही.

मग 2021 मध्ये एव्हरग्रांड ही बलाढ्य बांधकाम कंपनी कर्ज फेडू शकली नाही. चीनमध्ये नवं घर बहुतेकदा बांधून होण्याआधीच विकलं जातं आणि गिऱ्हाइकाचे हप्ते लगेच सुरू होतात. 2022 च्या जुलैत अर्धवट इमारतींच्या खरेदीदारांनी उघडपणे जाहीर केलं, काम सुरू होईपर्यंत हप्ता भरणार नाही. भाव उतरू लागले. ज्या मालमत्तेत शहरी कुटुंबाची साठ टक्क्यांच्या आसपास संपत्ती अडकलेली, तीच घसरली.

आता पैसा बँकेत परततो आहे. ठेव विमा एका बँकेत 5 लाख युआनपर्यंतच, म्हणून रक्कम अनेक बँकांत विभागायची. एखाद्या गावच्या बँकेत पाव टक्का जास्त मिळतो म्हणून रेल्वेने तिकडे जाऊन ठेव ठेवणारेही आहेत. मोठ्या बँकांत वर्षाच्या ठेवीवर 2025 मध्ये एक टक्काही व्याज उरलं नाही.

ज्यांना हे पुरत नाही ते शेनझेनहून हाँगकाँगची गाडी पकडतात. जेमतेम पंधरा मिनिटांचा प्रवास. तिथली डॉलरमधली विमा पॉलिसी घ्यायची तर सही हाँगकाँगच्या भूमीवरच व्हावी लागते. 2016 मध्ये हा विम्याचा हप्ता कार्डाने भरण्यावर एका वेळी 5,000 डॉलरचं बंधन आलं, तेव्हा लोकांनी तेच कार्ड पुन्हा पुन्हा घासलं. कोविडनंतर सीमा उघडली आणि 2023 या एका वर्षात चिनी पाहुण्यांनी तिथे सुमारे 59 अब्ज हाँगकाँग डॉलरचे नवे हप्ते भरले.