शाळा सुटल्यानंतरचा तास

शाळा सुटल्यावर मुलांस आणखी एक तास बसविलें म्हणजे त्यांचें ज्ञानही तितकेंच वाढतें, असा पुष्कळ पालकांचा समज असतो. परंतु दिवसां न समजलेला धडाच सायंकाळीं पुन्हा घोकविला, तर थकवा मात्र वाढतो. या तासाचा खरा उपयोग निराळा आहे. वर्गांत पुस्तक पुढें जात असतें. येथें मागें राहिलेल्या मुलासाठीं थांबतां येतें.

मुंबईंत १९९५ सालीं काम आरंभिलेल्या ‘प्रथम’ संस्थेनें २००५-०६ मध्यें उत्तर प्रदेशांतील जौनपूर जिल्ह्यांत गांवच्याच स्वयंसेवकांकडून शाळेच्या वेळेबाहेर वाचनवर्ग चालविले. मुलाची इयत्ता न पाहतां, त्यास अक्षर येतें कीं शब्द, एवढेंच पाहून शिकविलें. संशोधकांनीं तपासलें तेव्हां, पूर्वीं अक्षरही न ओळखणारीं जीं मुलें वर्गास येत, तीं अक्षरें ओळखूं लागलेलीं आढळलीं. पण त्या गांवांतील शंभरांपैकीं सुमारें आठच मुलें आलीं होतीं!

कापड्यासारख्या डोंगराळ गांवीं हा प्रश्न अधिकच बिकट. दूरच्या वाडीवरील मुलास पावसाळ्यांत अंधारापूर्वीं पायवाट गांठावयाची असते. घरीं गुरें व धाकटीं भावंडें वाट पाहत असतात. त्यास गैरहजर म्हणणें सोपें आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं कोसबाडच्या परिसरांत उलट मार्ग धरला. गुरें राखणाऱ्या मुलांकरितां त्यांनीं शाळाच कुरणांत नेली. कापड्यासही हा वर्ग शाळेच्या खोलींत न भरवितां, दिवेलागणीनंतर वाडीवरील एखाद्या पडवींत भरवून पाहण्यासारखा आहे.