एका सौरज्वालेचे दोन आलेख

सूर्यावर ज्वाला भडकली की आदित्य-एल१ यानावरची दोन उपकरणं तिची नोंद घेतात, पण त्यांचे आलेख एकमेकांसारखे निघत नाहीत. हेलिऑसची रेघ एकदम उसळते, तीन-चार टोकं काढते आणि बहुधा काही मिनिटांत खाली येते. सोलेक्सची रेघ सावकाश चढते. ती माथा गाठते तेव्हा हेलिऑसचा आलेख संपत आलेला असतो. मग ती कधी कधी तासन्‌तास उतरत राहते.

दोन्ही उपकरणं बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात तयार झाली. हेलिऑस कठोर, म्हणजे जास्त ऊर्जेचे क्ष-किरण मोजतं, तर सोलेक्स मृदू.

ज्वालेत चुंबकीय ऊर्जा मोकळी होते तेव्हा इलेक्ट्रॉन प्रचंड वेगानं खालच्या दाट थरांवर आदळतात. तिथं ते अडतात आणि कठोर क्ष-किरण निघतात. या माऱ्यानं तापलेला वायू एक-दोन कोटी अंशांवर जाऊन चुंबकीय कमानींमध्ये चढतो आणि मृदू क्ष-किरणांनी झळाळतो. पहिला आलेख नळाची धार दाखवतो, दुसरा हौदातली पातळी. वर्नर न्यूपर्ट यांनी हे नातं १९६८ मध्ये मांडलं, तेही त्याच इलेक्ट्रॉनांच्या रेडिओ लहरींवरून. सगळ्याच ज्वाला हा हिशेब पाळत नाहीत. धार थांबल्यावरही पातळी अपेक्षेइतक्या लवकर उतरत नसेल, तर ऊर्जा आणखी कुठून तरी येते आहे. अभ्यासकांसाठी खरी मेजवानी अशाच ज्वालांमध्ये असते.

हे मोजणं सोपं नाही. अगदी बारीक ज्वाला आणि सर्वांत प्रखर अशा एक्स वर्गाची ज्वाला यांच्या तेजात हजारो पटींचं अंतर असतं. ४ नोव्हेंबर २००३ च्या ज्वालेनं तर अमेरिकेच्या गोज उपग्रहाचा संवेदक कमाल मर्यादेला अडकला. तिची तीव्रता नंतर अंदाजानंच ठरवावी लागली. सोलेक्समध्ये म्हणून दोन शोधक बसवले आहेत. एकाचं छिद्र मोठं, मंद ज्वालांसाठी. दुसऱ्याचं अगदी बारीक, प्रखर ज्वालांसाठी. इतका साधा आणि इतका नेमका उपाय पाहून बनवणाऱ्यांना दाद द्यावीशी वाटते.

पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, जिथून सूर्य कधीच झाकला जात नाही, तिथं आदित्य-एल१ यान ६ जानेवारी २०२४ ला पोहोचलं. २२ फेब्रुवारीला एक्स ६.३ ज्वाला उसळली. पुण्याच्या आयुका संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या, याच यानावरच्या सूट दुर्बिणीनं अतिनील प्रकाशात तिचा खालच्या थरातला तेजस्वी ठिपका टिपला. क्ष-किरणांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर दिसलं, की खाली तेज वाढत असतानाच वर प्रभामंडळातल्या वायूचं तापमानही चढत होतं.