छत्रीच्या केबलला घरच्या घरी पिन बसविणे

राहाता तालुक्यात पेरूच्या बागा पुष्कळ आहेत. पावसाळ्यात बागेवर औषधाची फवारणी आज करावी की दोन दिवस थांबावे, हा प्रश्न बागाईतदारापुढे वारंवार येतो. फवारणीमागून लगेच जोराची सर आली तर औषध धुऊन जाते आणि मजुरीही अंगावर पडते. म्हणून हवामानाची बातमी ऐन वेळी कानावर येणे जरूर असते. नेमक्या अशा संध्याकाळी दूरदर्शन संचावर ‘सिग्नल नाही’ अशी अक्षरे उमटतात, आणि कारागिराची वाट पाहण्यात आठवडा निघून जातो. वास्तविक पुष्कळदा दोष संचात नसतो, छपरावरच्या छत्रीतही नसतो. तो केबलच्या टोकाशी असलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या पिनेत असतो. हे काम ग्रामसेवकाने एकदा करून दाखविल्यास घरातील कोणासही जमण्याजोगे आहे.

प्रसारणातून शेतीची माहिती घेण्याची सवय या जिल्ह्यास जुनी आहे. सन १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुणे केंद्रावरून शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. त्यासाठी निवडलेल्या १५० गावांत त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील गावेही होती. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढे ‘आमची माती आमची माणसं’ हा कार्यक्रम शेतकऱ्यांच्या घरोघरी पोहोचला. त्या काळी छपरावर माशाच्या काट्यासारखी एरियल असे. जुन्या पद्धतीची जमिनीवरील प्रक्षेपणे सन २०२२ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद झाली. आता विनाशुल्क डीडी फ्री डिशचे कार्यक्रम उपग्रहावरून छत्रीने घेतले जातात. एरियलची जुनी पिन खोक्याच्या आट्याच्या तोंडावर बसत नाही. तेथे ‘एफ कनेक्टर’ नावाची आट्याची पिन लागते. जोडणीचे तत्त्व मात्र दोन्हींत एकच आहे.

ते समजण्यास केबल आडवी कापून पाहावी. मध्यभागी एक ताठ तार, तिच्याभोवती पांढरे प्लॅस्टिक, त्यावर चकचकीत पन्नी व बारीक तारांची जाळी, आणि सर्वांत बाहेर काळे अथवा पांढरे आवरण. मधली तार व जाळी हे दोन स्वतंत्र मार्ग होत. त्यांचा एकमेकांस स्पर्श होता कामा नये. जाळीने पिनेच्या धातूच्या अंगास घट्ट धरले पाहिजे आणि मधल्या तारेने पिनेस कोठेही शिवू नये. जाळीचा केसाएवढा एक तंतू जरी मधल्या तारेस लागला तरी चित्र जाते. एवढेच नव्हे, खोक्यातून याच केबलीने छत्रीच्या तोंडावरील एलएनबीस १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा जातो, तोही तेथेच अडतो. याकरिता काम सुरू करण्यापूर्वी संच व खोका या दोहोंचे विजेचे प्लग भिंतीतून काढून ठेवावेत. नुसते रिमोटने बंद करणे पुरेसे नाही.

जुने टोक गंजले असल्यास चार बोटे केबल कापून टाकावी. काळपट पडलेल्या जाळीवर नवी पिन बसविणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय. नंतर धारदार चाकूने टोकापासून सुमारे १५ मिलिमीटर अंतरावर बाहेरचे आवरण हलक्या हाताने गोल कापून काढावे. जाळीचे तंतू मागे वळवून आवरणावर सारखे पसरावेत. पांढरे प्लॅस्टिक पन्नीसह सुमारे ६ मिलिमीटर राखून पुढचे सोलून टाकावे. येथे घाई करू नये. मधली तार बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते. तिला चाकूची खाच पडली की ती पुढे वाकविताना मोडते, आणि मुलामा खरवडला गेला तर ओल लागून गंजते.

आता पिन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पिळत केबलीवर चढवावी. पिनेच्या तोंडातून आत पाहिले असता पांढरे प्लॅस्टिक तळाशी समपातळीत दिसले म्हणजे ती पुरती बसली. मधली तार पिनेच्या कडेबाहेर २ ते ३ मिलिमीटर ठेवून जादा असेल तेवढी छाटावी. बाहेर आलेले जाळीचे तंतू कापून टाकावेत. पिन हाताने ओढून पाहावी. निसटत असेल तर ती त्या जाडीच्या केबलीची नव्हे. दाबयंत्राने बसविलेली पिन अधिक टिकते, परंतु त्या यंत्राचा खर्च एका घरापुरता परवडणारा नाही.

केबल मध्येच तुटली असता तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळण्याची रीत सर्रास आढळते. ती चुकीची आहे. दोन्ही टोकांस पिना बसवून मध्ये जोडनळी घालावी.

छपरावरील टोकाची काळजी अधिक घ्यावी लागते. तेथे पिनेवर रबरी टोपी किंवा घट्ट चिकटपट्टी हवी, आणि केबलीस एलएनबीजवळ खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी पिनेत न शिरता झोळाच्या तळाशी गळून पडते. पाऊस, ओले पत्रे अथवा ढगांचा गडगडाट असताना वर चढू नये; विजेच्या तारा जवळून जात असल्यास हे काम वायरमनकडेच द्यावे.

एवढे करूनही चित्र न आल्यास प्रथम केबलीचे दुसरे टोक उघडून तपासावे. तेही ठीक असेल तर छत्री वाऱ्याने हलली काय ते पाहावे. राहात्याहून हा उपग्रह साधारण आग्नेयेस असतो, आणि त्या बाजूस वाढलेल्या झाडाची फांदीही कधी कधी आड येते.